आस्कंद मोडल्याचा आवाज

आमचे अण्णा लातूरच्या गंजगोलाईत एका काष्ठौषधीच्या दुकानात दिवाणजी होते. सदतीस वर्षं एकाच गादीवर. गोलाई १९१७ साली बांधलेली. मध्ये जगदंबेचं देऊळ, भोवतीनं गोल इमारत आणि तिथून फुटलेले सोळा रस्ते. शाळा सुटली की मी अण्णांचा डबा घेऊन जायची. आमचं वळण मला डोळे मिटूनही सापडलं असतं. वेखंड, नागरमोथा, ज्येष्ठमध, हिरडा यांचा मिळून जो एक वास होतो, तो तिथंच नाकात शिरायचा.

गोणी आली की अण्णा वरची मूठ कधी बघत नसत. हात कोपरापर्यंत खाली घालायचे, अगदी मधलं एक मूळ ओढून काढायचे आणि कानाजवळ धरून मोडायचे. 'कट्' असा कोरडा आवाज आला की मोडलेली जागा बघायची. पांढरीशुभ्र, पिठासारखी असली तर गोणी आत. आवाज बसका आला किंवा मूळ मोडायच्या ऐवजी लवलं, तर एकच शब्द: "दमट." समोरचा कितीही ओळखीचा असो, गोणी परत.

आस्कंदाच्या बाबतीत तर ते फारच कडक होते. आस्कंद म्हणजे अश्वगंधा. आपल्याकडं हिला ढोरगुंज पण म्हणतात. गावठाणात, उकिरड्याच्या कडेला, पडक्या भिंतीच्या आडोशाला ती आपोआप उगवते. ओलं मूळ हातावर चोळलं की घोड्याच्या अंगासारखा उग्र दर्प येतो, त्यावरून अश्वगंधा. आसपासची माणसं ही रानातली ढोरगुंज उपटून पिशवीत घालून दुकानात विकायला आणायची. अण्णा एक मूळ वाकवून दाखवायचे. ते मोडायचंच नाही, सोलपटासारखं चिरत जायचं. "हे लाकूड झालंय बाबा," म्हणायचे. रानातली ढोरगुंज वर्षानुवर्षं उभी असते, मुळात दोरे धरतात. दुकानाला लागणारं मूळ एका हंगामाचं, मऊ पिठाचं लागतं. जुने व्यापारी त्याला नागोरी म्हणायचे, राजस्थानातल्या नागौरवरून. पुढं मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडं त्याची शेती मोठी झाली आणि आमच्या दुकानात नीमचचाच माल यायला लागला.

हे सगळं मी लहानपणी नुसतं बघितलं होतं. उपयोगी पडलं ते फार उशिरा, आणि तेसुद्धा एकदा चांगलं नुकसान झाल्यावर.

माझं सासर अंबाजोगाईच्या अलीकडं, बालाघाटाच्या डोंगरकडेला. खाली चार एकर काळं रान, वर दोन एकर मुरमाड. त्या मुरमाडात आमच्या ह्यांनी तूर, हुलगा, सगळं करून बघितलं. पाऊस चार दिवस लांबला की पीक माना टाकतं. २०१७ साली मी म्हटलं, तिथं आस्कंद लावू. हिला खोल काळी जमीन लागत नाही, पाणी साचलेलं तर मुळीच चालत नाही. ह्यांनी एक एकर दिलं मला. दिलं म्हणजे, अडवलं नाही.

पीक झक्क आलं. वांग्याच्याच कुळातलं झाड, पानं तशीच लवदार, आणि फळं चिरबोटीसारखी फुग्यात बसलेली, पिकली की लालबुंद. शेळ्या तोंड लावत नाहीत, त्यामुळं राखण नाही. फेब्रुवारीत उपटणी सुरू केली आणि नेमकं आभाळ भरून आलं. २०१८ चा तो फेब्रुवारी आपल्याकडं कुणी विसरलेलं नसणार, जालना-बीडकडं गारांनी हरभरा-गहू झोडपला होता. आमच्या गावात गारा कमी पडल्या, पण भीती सगळ्यांनाच होती. मी घाई केली. मुळं धुऊन स्लॅबवर काळी ताडपत्री अंथरली आणि ऊन पडलं तसं भर दुपारी जाड थरात पसरली. चौथ्या दिवशी हाताला खडखडीत लागली. संध्याकाळी गरम गरम असतानाच खताच्या रिकाम्या गोण्यांत भरून तोंडं शिवून टाकली. मला वाटलं, जिंकले.

वीस-बावीस दिवसांनी व्यापारी आला. त्यानंही हात कोपरापर्यंत आत घातला. बाहेर काढलेल्या मुळावर हिरवट-पांढरी बुरशी होती. पाच गोण्यांतल्या दोन त्यानं सरळ बाजूला केल्या, राहिलेल्याला निम्मा भाव लावला. सत्तर किलो माल आम्ही खड्ड्यात पुरला. त्या रात्री अण्णांना फोन केला. मी रडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भरायच्या आधी मोडून बघितलंस का माय?"

नव्हतं बघितलं. वरून हात फिरवला होता फक्त.

नंतर मी ह्यावर फार विचार केला, वाचलंही, आणि एका मुळाचे उभे-आडवे तुकडे करून रोज बघत बसले. चूक मला अशी कळली. ओल्या मुळात दोन तृतीयांश पाणीच असतं. ते पाणी मुळाच्या गाभ्यातून सालीपर्यंत येतं आणि मग उडून जातं. गाभ्यातून बाहेर यायला त्याला वेळ लागतो. काळ्या ताडपत्रीवर, तापल्या स्लॅबवर साल इतकी पटकन सुकते की ती आक्रसून घट्ट बसते, आणि आतलं पाणी आतच कोंडतं. वरून मूळ खणखणीत, आत ओलं. गोणीत बंद केलं की ते पाणी हळूहळू बाहेर येतं, गोणी प्लास्टिकची असली तर जायला वाट नाही, आणि बुरशी धरते. पापड कडक उन्हात टाकला तर कडा वळतात नि मधे मऊ राहतो, हे आम्हा बायकांना सांगावं लागत नाही. कुरडया, सांडगे, वाळवणं सगळी जन्मभर केली. पण मुळं वाळवताना तेच हात मी विसरले, कारण हे 'पीक' होतं, विकायचं होतं, वाळवण नव्हतं.

तेव्हापासून मी ह्याला वाळवणच म्हणते.

पण वाळवणाआधी रानाचं थोडं सांगते, कारण रानात बिघडलेलं मूळ बाजेवर सुधारत नाही. जमीन हलकी, निचऱ्याची हवी. काळ्या रानात मूळ दोन-तीन ठिकाणी फाटतं, उपटताना तुटतं आणि त्याच्या बेचक्यांत माती अशी बसते की धुऊन निघत नाही. ती माती पुढं तपासणीत दिसते. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथात, अश्वगंधाच्या मुळासाठी परकीय पदार्थ २ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत आणि जाळून उरणारी राख ७ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं स्पष्ट आहे. राख वाढली की बहुतेक वेळा माती-वाळूच असते. शेणखत पूर्ण कुजलेलंच घालावं, तेही मृगाच्या आधी. कच्च्या शेणखतानं मुळं खाणारी हुमणी अळी येते आणि मूळ फाटे फोडतं. युरिया मी वापरत नाही. पाला वाढतो फक्त, आणि पाला मला विकायचा नाही.

बियाणं एकरी चार-पाच किलो, वाळूत मिसळून फोकायचं किंवा ओळीत टाकायचं. बी बारीक, मिरचीच्या बियांसारखं, एक-दीड सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं की वर येत नाही. मी श्रावणात पेरते, पावसाचा मोठा जोर ओसरल्यावर. पहिल्या वर्षी मंदसौरच्या संशोधनातून आलेलं जवाहर असगंध २० हे वाण वापरलं. आता लखनौच्या सीमॅप ह्या औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेची पोषिता ही जात आणि घरचं राखलेलं बी, दोन्ही लावते. पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी विरळणी केलीच पाहिजे. दाट ठेवलं की सुतळीएवढी मुळं निघतात, फार विरळ केलं की जाड पण वेडीवाकडी. विरळणीला जीव तुटतो, चांगली उभी झाडं उपटायची म्हणजे. पण मी स्वतः बसते त्या कामाला. दुसऱ्याला सांगितलं की हात राखून उपटतात.

वांग्यावर येतो तो ठिपक्यांचा भुंगा हिच्यावरही येतो, पानांची चाळण करतो. अळ्या हातानं वेचायच्या आणि ५ टक्के निंबोळी अर्क फवारायचा. औषधाच्या मुळावर कडक फवारा मारायचा नाही, हे मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. ते मूळ कुणाच्या तरी दुधात जाणार असतं.

पाण्याचं म्हणाल तर २०२५ च्या सप्टेंबरानं डोळ्यांदेखत शिकवलं. मराठवाड्यात त्या महिन्यात जो पाऊस झाला त्यात आमचं खालचं काळं रान आठ दिवस पाण्याखाली होतं. त्या वर्षी मी हौसेनं चार गुंठे आस्कंद खालीही लावली होती, शेजारी नको म्हणत असताना. ती सगळी मुळाशी कुजली. उपटली तर सालीचा हातात चिखल झाला. वरच्या मुरमाडातलं पाणी उतारानं निघून गेलं आणि तिथलं पीक उभं राहिलं. ज्या रानाला आम्ही तीस वर्षं शिव्या दिल्या त्यानंच वर्ष तारलं.

काढणी कधी करायची हे पान आणि फळ सांगतं. पेरणीपासून पाच-सहा महिन्यांनी खालची पानं पिवळी पडून गळायला लागतात, फळं लाल होतात. तेव्हा दोन-चार झाडं उपटून मोडून बघायची. आधी काढलं तर मूळ पाणचट, वाळल्यावर सुरकुतून काडी होते. उशीर केला तर दोरे धरतात, पीठ कमी होतं. मध्ये जेमतेम पंधरा दिवस चांगले मिळतात.

आणि नेमक्या त्या पंधरा दिवसांत आमच्या गावात माणूस नसतो. बीड जिल्ह्यातलं हे दुखणं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या पाडव्याच्या आसपास परततात. जानेवारी-फेब्रुवारीत गावात राहतात म्हाताऱ्या, शाळेतली लेकरं आणि आजारी माणसं. माझी सगळी काढणी ह्या म्हाताऱ्यांनीच केलेली आहे. मला त्यात एक फायदा दिसला. त्या सावकाश काम करतात, पण मूळ तोडत नाहीत. दोन दिवस आधी हलकं पाणी द्यायचं, वाफसा आला की कुदळीनं कडेनं माती सैल करायची आणि झाड सरळ वर ओढायचं. तरण्याताठ्यांना घाई असते, मूळ अर्धं जमिनीतच राहतं. म्हाताऱ्यांना मी रोज पूर्ण देते. वय बघून कमी रोज द्यायची पद्धत गावात आहे, ती मला पटत नाही.

उपटलेलं त्याच दिवशी तोडायचं. रात्री ढीग तसाच ठेवला की आत ऊब धरते, सकाळी हात घातला तर गरम लागतो, वास बदललेला असतो. मुळाच्या माथ्याच्या वर एक-दोन सेंटिमीटरवर खोड कापायचं आणि वाळल्यावर तो बुडखाही साफ करायचा. खोडाचे तुकडे मुळात राहिले तर ती भेसळच, मग ती नकळत का असेना. बारीक तंतुमुळं वेगळी, मुख्य मूळ वेगळं. लांब मूळ बोटाएवढं, सात ते दहा सेंटिमीटरचं तोडायचं.

धुणं दोन टबांत. पहिल्यात हातानं चोळायचं, दुसऱ्यात नुसतं बुडवून काढायचं. मिनिट-दोन मिनिटं, बास. भिजत घालायचं नाही. आमच्या शेजारी एकानं रात्रभर हौदात घातली होती, स्वच्छ व्हावीत म्हणून. पाणी दुधट झालं सकाळी. ते मुळातलं सत्त्वच होतं, नालीत गेलं. धुतलेलं पाट्यांत निथळू द्यायचं, मग बाजेवर.

हो, बाज. ताडपत्री नाही, स्लॅब नाही. घरात सुंभाच्या आणि नवारीच्या मिळून सात बाजा आहेत, आणखी चार गावातून मागून आणते. बाजेवर हिरवी शेडनेट ताणून बांधायची, तिच्यावर मुळांचा एकेरी थर. बोटाच्या जाडीपेक्षा जास्त थर नाही. खालून वारं, वरून वारं. पहिले दोन दिवस बाजा पत्र्याच्या शेडात, सावलीला. ऊन अजिबात नाही. जाऊबाई पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "उन्हाचे दिवस असून सावलीत काहून ठेवायलीस गं?" पण ह्या दोन दिवसांतच सालीला आक्रसू न देता आतलं पाणी बाहेर यायला लागतं. फेब्रुवारीत आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की सावलीतलं वारंसुद्धा काम करतं. कोकणातल्या माणसाला हे जमणार नाही. ज्या कोरडेपणानं आपलं रडणं आहे, तो मुळं वाळवायला सोन्यासारखा आहे.

तिसऱ्या दिवसापासून सकाळचं कोवळं ऊन, अकरापर्यंत. मग परत सावली. दिवसातून दोनदा मुळं हातानं उलटायची. दांड्यानं नाही, हातानं, कारण उलटताना प्रत्येक मुठीचा अंदाज येतो, कुठं जड लागतंय, कुठं हलकं. पाचव्या-सहाव्या दिवशी मी एक गोष्ट करते जी अण्णांनी सांगितली. संध्याकाळी सगळी मुळं सुती लुगड्यावर ढीग करून, वरून सुती कापडानं झाकून रात्रभर घरात ठेवायची. सकाळी हात घातला की परत किंचित मऊ लागतात. गाभ्यातली उरलेली ओल सालीपर्यंत आलेली असते. मग परत बाजेवर, आता भर उन्हात, दोन-तीन दिवस. ही एक रात्र दिली नाही तर शेवटचा दमटपणा जात नाही.

रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी बाजा आत. दहिवर पडू द्यायचं नाही. दिवसभर कमावलेलं एका रात्रीत जातं. अकरा बाजा रोज आत-बाहेर करायच्या, कंबरेचं काय होतं ते आमच्या घराला माहीत आहे.

सासूबाईंशी माझं एकदाच वाजलं ते ह्या वाळवणावरून. त्यांनी मायेनं सगळं अंगण शेणानं सारवून ठेवलं होतं, मुळं टाकायला. आमच्याकडं शुभ काहीही सारवलेल्या जागेवरच व्हायचं. मी म्हटलं, "आत्याबाई, इथं नाही टाकायची." त्यांना फार लागलं. औषध, आणि सारवलेली भुई चालत नाही म्हणजे काय? मी त्यांना बसवून सांगितलं, की शेणातले जंतू मुळाला चिकटतात, तपासणीत येतात, आणि ते चूर्ण लोक न शिजवता खातात. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कोंबड्या हाकायची काठी घेऊन बाजांपाशी स्वतः बसल्या. नंतर ते काम त्यांनी कधी कुणाला दिलं नाही, शेवटच्या वर्षापर्यंत.

जाऊबाईंचं माहेर वसमतकडचं, हळदीचं गाव. त्या दरवर्षी सांगतात, "शिजवून घे की, लवकर वाळंल." हळदीचं त्यांचं बरोबर आहे. हळद काढल्यावर दोन-तीन दिवसांत शिजवली की रंग आतून बाहेरून एकसारखा होतो, कोंब मरतो, हळकुंड लवकर वाळतं. पण शिजवल्यावर आतल्या पिठाची खळ होते, म्हणून हळकुंड मोडलं की शिंगासारखं चकचकीत दिसतं. हळदीत तेच चांगलं. आस्कंदात तेच वाईट. आस्कंद पांढरी, पिठाळ मोडली पाहिजे. मूळ बदललं की रीत बदलते.

शतावरीचं आणखी निराळं. कुंपणाला माझ्या पन्नास वेली आहेत. दीड-दोन वर्षं हात लावायचा नाही, मग उकरायचं तर एकेका वेलीखाली बोटासारख्या मुळ्यांचा झुबका. काट्यांनी हात ओरबाडतात. उकरल्या उकरल्या सोलावी लागते, आणि मधली चिवट शीर ओढून काढावी लागते. दुसऱ्या दिवसावर ढकललं की साल चिकटून बसते, मग दहा मिनिटं उकळत्या पाण्यात घालून, थंड पाण्यात टाकून सोलावी लागते. बाळंतिणीसाठी गावात मागून नेतात ती ह्यातलीच. ती मी विकत नाही. आस्कंद मात्र मी कुणाला आपल्या मनानं देत नाही. गरोदर बाईला ही चालत नाही, आणि बाकीच्यांनीही वैद्याला विचारूनच घ्यावी.

वाळलं की नाही हे ठरवायला माझ्याकडं तीन गोष्टी आहेत. पहिली, वजन. पहिल्या दिवशी एक किलो ओली मुळं कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून त्याच बाजेवर ठेवते आणि रोज संध्याकाळी वजन वहीत लिहिते. ह्या वर्षीची वही समोर आहे: पहिल्या संध्याकाळी ८२०, तिसऱ्या ६००, सहाव्या ४१०, आठव्या ३६२, नवव्या ३५५. रोजचा फरक दोन-चार ग्रॅमवर आला की मुळात १० ते १२ टक्के ओल उरली असं मी धरते, आणि तेवढीच हवी. दुसरी, काचेची बरणी. मूठभर मुळं घालून झाकण घट्ट लावायचं आणि तासभर उन्हात ठेवायची. झाकणाला आतून घाम दिसला की अजून ओल आहे. लोणच्याची जुनी बरणी चालते, फक्त वास गेलेला हवा. तिसरी गोष्ट तुम्हाला माहीत आहे.

वाळलेली मुळं गरम असताना भरत नाही, रात्रभर निवू देते. सकाळी निवडणी. सात सेंटिमीटरपर्यंत लांब, एक-दीड सेंटिमीटर जाड, गुळगुळीत, मोडल्यावर पांढरं, ते पहिल्या प्रतीचं. पाच सेंटिमीटरच्या आसपासचं, थोडं बारीक, ते दुसरं. मग तुकडे. बारीक, पिवळसर, पोकळ, ते शेवटचं. निवडणी न करता सरसकट विकलं तर भाव शेवटच्या प्रतीचा लागतो आणि चांगली मुळं फुकट जातात. निवडायला आम्ही चौघीजणी बसतो, गप्पा मारत, दोन दिवस. मला वर्षातलं हे सगळ्यात आवडतं काम.

भरायला नवी तागाची पोती. खताची गोणी आता घरातही येऊ देत नाही मी. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर लांब. ह्या मुळांत पीठ असतं, त्यामुळं बारीक तपकिरी भुंगे लागतात, मुळाला टाचणीएवढी भोकं पडतात आणि खाली भुगा साचतो. आठवड्याला एक पोतं उघडून बघायचं. मृग लागायच्या आत सगळा माल घराबाहेर गेला पाहिजे. पावसाळ्याची हवा लागली की वाळलेलं मूळही ओल ओढून घेतं. साधारण पावणेदोन क्विंटल वाळलेलं निघतं माझ्या एका एकरात, बऱ्या वर्षी. गेल्या तीन वर्षांत एकही पोतं परत आलं नाही.

परवा अण्णा आले होते लातूरहून. चौऱ्याऐंशीचे झालेत, दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही. वजन नवव्या दिवसाचं ३५५ आलं होतं, मला वाटलं झालं, उद्या भरू. त्यांना खुर्ची दिली बाजेपाशी. त्यांनी थराच्या अगदी मधे हात घातला, एक जाडसर मूळ घेतलं. सवयीनं कानाजवळ नेलं आणि मग खाली आणलं. दोन्ही अंगठ्यांच्या मधे धरून, डोळे मिटून, सावकाश मोडलं. मला आवाज चांगला आला, कोरडा. त्यांनी मोडलेली जागा बघितली, एक तुकडा दाढेखाली धरला, थोडा वेळ तसाच ठेवला. दुसरा माझ्या हातावर ठेवला.

"अजून एक दिवस ठेव," म्हणाले.

मी वही दाखवली, आकडे मोठ्यांदा वाचले. त्यांनी नुसती मान हलवली. दुपारी बरणी उन्हात ठेवून बघितली. तासाभरानं झाकणाच्या आतल्या कडेला, नीट बघितलं तरच दिसेल एवढा, बारीक घाम होता. सगळ्या अकरा बाजा परत उन्हात काढल्या.